चवथीची फेरी

आमच्या माहेरच्या डोंगराला नाव नाही. गावाला डोंगर एकच, मग नाव ठेवून करायचं काय? "डोंगरात गेला", "डोंगरातून आला", एवढ्यात काम भागतं. हिंगोलीहून औंढ्याकडं जाताना ज्या टेकड्या लागतात त्यांच्यातलाच तो एक. अंगानं आडवा, माथ्यावर सपाट, सागाच्या झाडांनी भरलेला. बाहेरच्या माणसाला तो डोंगर वाटणारच नाही. सह्याद्रीतले गडकिल्ले चढून आलेला माझा जावई एकदा त्याला टेकडी म्हणाला, तेव्हा मी त्याला दुसऱ्यांदा भाजी वाढली नव्हती.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी, चवथीला, बाया भावासाठी उपवास धरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या गावात त्याच्यावर आणखी एक आहे. माहेरी आलेल्या लेकींनी त्या दिवशी हा उपवास धरून डोंगराला फेरी घालायची. मारुतीच्या पारापासून निघायचं, डोंगराचा माथा कायम उजव्या हाताला ठेवायचा, खांद्यावरून मागच्या अंगाला जायचं, तांड्यात उतरायचं आणि नाल्याच्या कडेनं दिवस मावळायच्या आत परत पारावर यायचं. तिथं भाऊ तांब्या घेऊन उभा असतो. तो बहिणीचे पाय धुतो, मग ती घरात पाऊल टाकते. अर्धी सोडलेली फेरी भावाला लागत नाही, असं म्हणतात. हे सगळं काहून करायचं असं मी लहानपणी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, चाल मुकाट्यानं.

मी चालले. लग्नाआधीच्या पोरीही आयांच्या मागं जायच्या, तशी मीही जायची. तेव्हा फेरीला बायांची रांग लागायची. पुढची बाई वळणापलीकडं गेलेली असायची आणि मागची अजून पारावर चप्पल शोधत असायची. गाणी चालायची. पुढच्या बायांनी एक ओळ म्हणायची, ती मागं येईपर्यंत तिची चाल बदललेली असायची आणि मग त्याच्यावरून भांडण. वाटेत कर्टुले दिसले की रांग मोडायची. उपवासाला चालत नाहीत, पण उद्याच्या भाजीला होतात म्हणून पोरी वेलात घुसायच्या, काट्यांनी हात ओरबाडून घ्यायच्या आणि ओटीत भरून आणायच्या. माझी आई चालताना सासूच्या कागाळ्या सांगायची. घरात जे तोंडातून निघत नव्हतं ते डोंगरात मोकळेपणी निघायचं. मला वाटतं, बायांना फेरीची एवढी ओढ होती ती भावासाठी कमी आणि या बोलण्यासाठी जास्त.

आम्ही चौघी एका वर्गातल्या. एकीला पुढं जवळा बाजारला दिली. एकीला साखऱ्याला. मला कळमनुरीला, जिथं मी आता खानावळ चालवते. चौथी डोंगरामागच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातली. ती रोज डोंगर ओलांडून आमच्या गावच्या शाळेत यायची आणि गुरुजी उशीर झाला म्हणून तिला बाहेर उभं करायचे. आम्हाला नावं होती, पण लग्न झाल्यावर गावानंच आमची नावं बदलली. जवळ्याची, साखऱ्याची, कळमनुरीची. तांड्याची मात्र तांड्याचीच राहिली, जरी तिला दिलं सेनगावकडच्या एका तांड्यात.

साखऱ्याचीचं मला सगळ्यात जास्त आठवतं ते तिच्या कडेवरचं लेकरू. तो तिचा धाकटा भाऊ. आई मजुरीला जायची, म्हणून लेकरू सांभाळायची पाळी हिची. फेरीतही तो कडेवर. चांगला जड होता आणि खाली उतरवला की भोकाड पसरायचा. आम्ही म्हणायचो, दे इकडं, थोडं आम्ही घेतो. ती द्यायची नाही. ज्याच्या नावानं फेरी तोच कडेवर बसून फेरी घालतोय, असा भाऊ अख्ख्या रांगेत कोणाचा नव्हता, आणि तिला त्याचा भारी तोरा होता. संध्याकाळी पारावर आल्यावर तिचे पाय धुवायला कोणी नसायचं. मग तिचा बाप यायचा, त्या लेकराचा हात तांब्याला लावायचा आणि स्वतःच पाणी ओतायचा.

लग्नानंतरही कितीतरी सालं आम्ही चौघी दर पंचमीला यायचो. कधी काखेत लेकरू, कधी पोटात. जवळ्याची एकदा सातव्या महिन्यात आली होती आणि तिच्या भावानं तिला अर्ध्या वाटेतून बैलगाडीनं परत नेलं, तर ही गाडीतून उडी मारायला निघाली. फेरी अर्धी राहिली तर तुलाच लागायची नाही, असं भावाला सुनावत होती. एवढ्या सगळ्या बाया कुठं गेल्या कोण जाणे. काही म्हाताऱ्या झाल्या, काही गेल्या, काहींचे भाऊ पुण्याला गेले आणि माहेरला कुलूप लागलं. आता डोंगराखालून डांबरी रस्ता झाला आहे. हल्लीच्या पोरी भावाच्या मोटारसायकलवर मागं बसतात आणि चहा निवायच्या आत फेरी उरकून येतात. मला राग येतो. पण मी बोलत नाही, कारण बोलले की माझी सून म्हणते, तुमी म्हाताऱ्या झाल्या.

आता साखऱ्याचीच्या घरचं सांगते. आई-बाप गेल्यावर तिचं माहेर म्हणजे तो भाऊच. पारासमोर घर, डोंगराच्या पायथ्याला रान, बायको गुणाची. बहीण आली की दुसऱ्या दिवशी जाऊ देत नसे. मग चार सालांखाली हिच्या लेकीचं लग्न ठरलं. लेक पुण्यात नोकरीला, नवरा तिनं तिथंच पसंत केलेला, जात वेगळी. हिनं आणि हिच्या मालकानं चार रात्री जागून काढल्या आणि शेवटी हो म्हटलं. भावानं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पत्रिका घेतली, बाजूला ठेवली आणि लग्नाला आलाच नाही.

मी त्या लग्नात होते. नवरीच्या मागं मामा उभा राहतो, तिला बोहल्यावर तोच आणतो. मामा न येण्याला लोक काय म्हणतात ते मला सांगायला नको. हिनं मंगलाष्टकं अडवून धरली. भटजी घड्याळ बघतायत, वरपक्ष कुजबुजतोय आणि ही मांडवाच्या दारात उभी. शेवटी साखऱ्यातला एक शेजारी पुढं झाला, मामा म्हणून उभा राहिला आणि लग्न लागलं. पोरगी तेव्हापासून त्या शेजाऱ्यालाच मामा म्हणते. दुसऱ्या दिवशी हिनं भावाला फोन केला. काय बोलली ते आम्हाला सांगितलं नाही. पण त्यानंतर तिनं गावात पाऊल ठेवलं नाही आणि आमच्यासमोर त्याचं नाव काढलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, जाऊ दे, असं मी एकदा म्हणाले, तर मलाही चार महिने फोन नाही.

गेल्या सालच्या श्रावणात जवळ्याचीनं सगळ्यांना फोन केले. तिचे गुडघे गेलेत. डॉक्टर ते बदलायचे म्हणतो, ती मारुतीला तेल वाहते. ती म्हणाली, ही माझी शेवटची फेरी, चौघी आलात तर बराबर, न्हाईतर मेल्यावर माझ्या दारात बी येऊ नका. साखऱ्याची येते म्हणाली, पण तिच्या अटी होत्या. गावात येणार नाही. उपवास धरणार नाही, कोणासाठी धरायचा? ती फाट्यावर उतरणार, तिथून आमच्यासोबत फेरी करणार आणि परत फाट्यावरूनच साखऱ्याला जाणार. आमची वाट गावातून निघाली की आधी फाट्याला लागते आणि येतानाही फाट्यावरूनच गावात शिरते. म्हणजे फाटा ते पार एवढाच तुकडा राहणार. तेवढ्यानं फेरी अर्धी राहते, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मी तुमच्यासाठी येऊन राहिले, फेरीसाठी न्हाई. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

आम्हा तिघींच्या मनात एकच होतं. हिला काही करून त्या पारापर्यंत न्यायचं. भाऊ तुटला, माहेर गेलं, पन्नाशी ओलांडल्यावर बाईनं हे असलं ओझं घेऊन कुठवर जायचं?

चवथीला सकाळी आम्ही तिघी पारावर जमलो. साखऱ्याचीचा भाऊ त्याच्या ओट्यावर फवारणीचा पंप धूत बसला होता. केस पांढरे झालेत. त्यानं आमच्याकडं पाहिलं, मग आमच्या मागं पाहिलं, जशी चौथी कोणी यायची राहिली असेल. विचारलं काही नाही.  मांडवात न आलेल्या मामाशी काय बोलायचं? जवळ्याचीनं मात्र त्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं की चला, फाट्यावर माणूस वाट बघत असेल. मी तिला चिमटा काढला.

फाट्यावर काळीपिवळी जीपमधून साखऱ्याची उतरली. वाळली होती. पायात लेकीनं घेऊन दिलेले बूट, वर नऊवारीचा काष्टा, काखेत डबा. आम्ही गळ्यात पडलो, थोडं रडलो, मग तिनं डबा उघडून दाखवला. ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. आमच्या डब्यांत साबुदाण्याची उसळ आणि भगर. ती म्हणाली, बघून घ्या, मी खाणार हाय, तुमी बसा उपाशी. आम्ही बघून घेतलं.

चढ सुरू झाला. पूर्वी इथं ज्वारी असायची, मूग असायचा. आता नजर जाईल तिथवर सोयाबीन, आणि रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या, भीतीनं प्रत्येक बांधाला झटक्याची तार, करंट तेवढा रात्रीच सोडतात. तारेखालून वाकून जाताना जवळ्याची मध्येच अडकली. पाठ वाकते तर गुडघा वाकत नाही. तांड्याचीनं तिला मागून ढकललं, मी पुढून ओढलं, आणि आम्ही चौघी इतक्या हसलो की त्या रानाचा मालक कोण बाया म्हणून बघायला आला. खालच्या रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, मागं नटूनथटून बसलेली पोरगी. जवळ्याची म्हणाली, हिच्या भावाचं आयुष्य पेट्रोलवर चाललंय.

खांद्यावर पोचलो तेव्हा ऊन-सावलीचा खेळ चालू होता. साग फुलला होता. खाली आमचं गाव, पलीकडं दुसरं, मध्ये नाल्याची हिरवी रेघ. साखऱ्याची उभी राहिली आणि गावाकडं बघत राहिली. पत्र्याचं एक निळं छप्पर दाखवून हे कोणाचं म्हणाली. ते तिच्या भावाच्या नव्या गोठ्याचं होतं. मी सांगितलं. ती म्हणाली, असू दे. आणि चालायला लागली.

तिथं फोनला रेंज येते. जवळ्याचीला फोन हातात आला की राहवत नाही. चहा प्याली तरी स्टेटस, सर्दी झाली तरी स्टेटस. तिनं आमचा चौघींचा फोटो काढला. साखऱ्याचीनं तोंड फिरवलं, पण तिचा पदर आणि ते बूट आलेच. मी म्हटलं, कुठं टाकू नको. ती व्हय म्हणाली आणि टाकला.

दुपारी मोहाच्या झाडाखाली बसलो. इथंच आमच्या आया बसायच्या. तेव्हा प्रत्येकीनं आपल्या पुरचुंडीतलं थोडं थोडं मधल्या पळसाच्या पानावर काढायचं आणि मग सगळ्यांनी त्यातून खायचं. कोणाच्या घरची भगर कोरडी, कोणाच्या घरची तुपाची, सगळी एक व्हायची. आम्हीही तसंच केलं. पान शोधायला तांड्याची गेली. आमची उसळ आणि भगर एकत्र आली, साखऱ्याचीची भाकर वेगळी. ती बोलत होती. लेकीचा फ्लॅट, जावयाची आई, तिथली पाण्याची तकलीफ. बोलता बोलता भाकर मोडत होती, ठेच्याला लावत होती, हात तोंडाकडं नेत होती.

आता खानावळ चालवणाऱ्या बाईसमोर हे असले खेळ चालत नाहीत. माझ्याकडं पोरं जेवतात. प्रेमात पडलेलं पोरगं भात चिवडत बसतं, घरून भांडून आलेलं नुसतं वरण पितं, हे मला पाठ फिरवूनही कळतं. हिचा घास तोंडापर्यंत जात होता आणि पदराआड वळत होता. मागं तांड्यातलं एक कुत्रं येऊन बसलं होतं. भाकर त्याच्या पोटात गेली. पाण्याची बाटली तिनं उघडली, चूळ भरली आणि थुंकली.  मला वाटलं, गाव बघून घास उतरत नसेल.

मागच्या अंगाला उतार वाईट आहे. गोटे निसटतात, पावसानं शेवाळ धरलेलं असतं. तांड्याची पुढं, शेळीसारखी. जवळ्याची माझ्या खांद्याला धरून, प्रत्येक पावलाला मारुतीचं नाव. साखऱ्याची मध्ये चालत होती. ती एकदम खाली बसली.  तोंड पांढरं पडलेलं, कपाळावर घाम, ओठ कोरडे. हात धरला तर गार.

मग माझं टाळकं सरकलं. मी तिला म्हटलं की सकाळपासून तू घास खाल्लेला नाहीस, मी बघितलंय, भाकर कुत्र्यानं खाल्ली, पाण्याची नुसती चूळ भरलीस. तू आम्हाला काय वेड्या समजतेस? उपवास न्हाई म्हणतेस आणि उपाशी मरतेस?

तिनं गुडघ्यात डोकं घातलं.  जवळ्याची तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग ती म्हणाली, "दरसाल धरते. कडक. पाणी बी घेत न्हाई."

"भावासाठी?" मी म्हटलं.

"त्या दिवशी फोनवर मी त्याला म्हणले, तू मला मेलास. भावाला असं बोलतात का? माझ्या तोंडातून निघालं ते त्याला लागू नये म्हणून धरते."

 उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तिची जुनी खोड. शाळेतही तोंडानं मार खाल्ला तिनं. पण असं काही बोलून ते परत घ्यायला तीन सालं उपाशी राहणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. तांड्याचीनं विचारलं, आणि फेरी? साखऱ्याला तर डोंगर न्हाई. तर ही म्हणाली, शेताच्या बांधाला घालते. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बांधावरून फिरते, शेत उजव्या हाताला ठेवून. लोकांना वाटतं, ही रोही हाकलून राहिली. मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. जवळ्याची तर उघड उघड रडायला लागली.

पाणी प्यायला ती तयार होईना. आम्ही तिला दोन बाजूंनी धरून तांड्यात उतरवलं. तांड्यात तिजेच्या सणाचे दिवस होते. पोरींनी टोपल्यांत गहू पेरलेले, हिरवे कोंब वीतभर आलेले. तांड्याचीच्या भावजयीनं बाज टाकली, चहा ठेवला. तांड्याचीनं तांब्यात लिंबू पिळलं, साखर-मीठ टाकलं आणि साखऱ्याचीसमोर धरलं. ती मान हलवायला लागली. तेव्हा तांड्याची म्हणाली, हे तुझं गाव न्हाई, माझं माहेर हाय, इथं आमचा कायदा, आणि आमच्यात चवथीचा उपवासच नसतो, मी धरते तो तुमच्या नादानं. असं म्हणून तिनं तो तांब्या तिच्या तोंडाला लावला. साखऱ्याची गटागटा प्यायली. कायदा कुठं चालतो आणि कुठं नाही यावर तिथल्या म्हाताऱ्यांत मग थोडी चर्चा झाली, पण तोवर पाणी पोटात गेलेलं होतं.

उरलेली वाट नाल्याच्या कडेनं. सपाट, ओली, तेरड्याच्या फुलांनी भरलेली. लहानपणी या टप्प्यावर आमचे पाय इतके दुखायचे की आम्ही घर किती राहिलं ते विचारत विचारत चालायचो. गेल्या साली कोणीच विचारलं नाही. ही वाट संपू नये असं मला वाटत होतं. चौघी अशा पुन्हा कधी चालणार? जवळ्याचीचे गुडघे हे असे, माझी साखर वाढलेली, तांड्याची नातवाला सांभाळायला मुंबईला जायचं म्हणते. जुनं एक गाणं तांड्याचीनं धरलं. तिसऱ्या ओळीला कोणालाच पुढचं आठवेना, तर आम्ही त्याच तीन ओळी फिरवून फिरवून म्हटल्या.

फाटा जवळ येत होता. मी तिला म्हटलं, एवढं केलंस, आता पारापर्यंत चल. फेरी पुरी झाल्याशिवाय तुझा उपवास त्याला लागणार कसा? ती म्हणाली, गावात माझ्या लेकीच्या सासरला आजही "त्या लोकांचं घर" म्हणतात, तिथं मी पाय धुवून घेऊ?  तिचंही बराबर होतं. लेकीला बाहेर ठेवून आईनं एकटीनं आत जायचं, हे मलाही जमलं नसतं.

वळण घेतलं आणि फाटा दिसला. पिंपळाखाली तो उभा होता. हातात तांब्या, अंगावर धुतलेला सदरा. कुठून कळलं, तर जवळ्याचीच्या स्टेटसवर फोटो बघितला. बहीण पारावर येणार नाही, फाट्यावरूनच पळणार, एवढं तो तिला ओळखून होता. जवळ्याची माझ्याकडं बघायची टाळत होती. मी तिला मनातल्या मनात पहिल्यांदाच माफ केलं.

साखऱ्याची थांबली. काळीपिवळीवाला हॉर्न वाजवत होता, एकच सीट आहे, बसायचं तर बसा. ती हलली नाही. तोही हलला नाही. मग तो पुढं आला आणि तिच्या पायाशी बसला. तिनं पाय मागं घेतला.

"लेकीच्या मांडवात कुठं होतास?"

"घरीच होतो, आक्का. लोकाइला भ्यालो."

त्यानं दुसरं काही सांगितलं नाही. आजारी होतो, गाडी मिळाली नाही, असलं काहीच नाही. मला त्याचा राग होता, तरी या एका गोष्टीसाठी मी त्याला मानलं.

ती म्हणाली, "पाय मागून धू. आधी तिला फोन लाव."

त्यानं फोन काढला आणि तसाच बसून राहिला. भाचीचा नंबरच त्याच्याकडं नव्हता. ज्या पोरीला त्यानं खांद्यावर बसवून जत्रा दाखवली तिचा नंबर नव्हता. साखऱ्याचीनं तो तोंडपाठ सांगितला. ओल्या बोटांनी त्याला नीट दाबता येईना. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. जवळ्याचीनं पुढं वाकून स्पीकर चालू केला. त्या वेळी तिला कोणी अडवलं नाही.

पलीकडून हॅलो आलं. ऑफिसातला गलका ऐकू येत होता. त्यानं घसा साफ केला.

"मी मामा बोलून राहिलो."

 पोरीच्या आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. नंबर अनोळखी, आवाज अनोळखी, आणि लग्नापासून तिचा मामा म्हणजे साखऱ्यातला शेजारी. तिनं साधंच विचारलं, "कोणता मामा?"

  त्याच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी मातीत जायला लागलं, तरी त्याच्या ध्यानात येईना. पलीकडून पोरगी हॅलो हॅलो करत होती. आम्ही तिघी खाली बघत होतो.

साखऱ्याची वाकली. तिनं त्याच्या हातातला फोन घेतला आणि तोंडाजवळ धरला.

"अगं, माझा भाऊ हाय," ती म्हणाली. "बोल त्याच्याशी."

आणि फोन तिनं त्याच्या कानाला लावून धरला.